का केलं ते विचारा

ज्योतीरामला मास्तर म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली ते आता कुणालाच आठवत नाही. तो कुठल्या शाळेत नव्हता. चाकणच्या ज्या कंपनीत मी टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात आहे, तिथेच तो स्टोअरला. हातमोजे, ग्रीसचे डबे, ड्रिल द्यायचे आणि सही घ्यायची, एवढंच काम. पण गडी लातूरकडचा, औशाचा, मराठीत एम.ए. झालेला. शिकवायला कुठे मिळालं नाही, म्हणून शिकवायची खाज अंगात तशीच राहिलेली. ती त्याने आमच्या बसमध्ये भागवून घेतली.

बस जनरल शिफ्टची. थेरगावात डांगे चौकातून निघायची, आकुर्डीला चार डोकी घ्यायची आणि मोशीच्या पुढे गेली की रुतून बसायची. नाशिक रस्त्यावर सकाळी गाडी चालत नाही, सरकते. दुसऱ्या बसमध्ये लोक झोपतात, नाहीतर मोबाइलवर मान मोडतात. आमच्या बसमध्ये खटला चालायचा.

मास्तर वाचनालयातून कादंबरी आणायचा आणि रोज थोडी थोडी आम्हाला सांगायचा. नुसती गोष्ट नाही. त्यातलं एखादं पात्र धरायचा, बहुतेक वेळा सगळ्यात हलकट, आणि बसला विचारायचा, हा असा का वागला? मग जो गलका व्हायचा तो ड्रायव्हरलाही आवडायचा. मीही तावातावाने भांडायचे. मी तोंडाची फटकळ आहे, घरी माझं कुणी ऐकून घेत नाही, बसमध्ये घ्यायचे.

"काय केलं ते पुस्तकात लिहिलेलंच असतंय," मास्तर म्हणायचा. "ते काय विचारायचं? का केलं ते विचारा."

हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकवलं होतं की आम्ही त्याच्या तोंडावर त्याची नक्कल करायचो. कुणी डबा विसरला की अख्खी बस ओरडायची, का विसरला ते विचारा! मास्तर स्वतःही हसायचा. राग कधी यायचा नाही त्याला. माणूस गोड, त्यात शंका नाही.

त्याची बायको दिव्या एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्याकडे आली होती. वाण घेता घेता म्हणाली, "कादंबरीतल्या बाया यांना आरपार दिसतात हो ताई. मी दोन दिवस अबोला धरला तर का धरला ते मला विचारत नाहीत. स्वतःच कारण ठरवतात आणि मलाच समजावून सांगतात." मी खूप हसले. नवऱ्यांच्या तक्रारी आम्ही बायका अशा हसण्यावारीच नेतो.

आबाजी कुरुळी फाट्यावर चढायचे. प्रेस शॉपला डाय बसवायचं काम त्यांचं. डाय म्हणजे पोलादाचा मोठा साचा, त्यात पत्रा दाबला की गाडीचा भाग बाहेर येतो. एक डाय म्हणजे केवढी महागाची वस्तू, ते कंपनीत झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. आबाजी पन्नाशी ओलांडलेले, इथल्याच मातीतले. आज जिथे आमची कंपनी उभी आहे तिथे त्यांचं रान होतं. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी, असं ठरलं तेव्हा ती त्यांच्या वाट्याला आली. रस्त्याकडेला घर बांधलं आणि आपल्याच रानात कामाला जायला बसमध्ये चढू लागले.

ते चढायचे तेव्हा खटला अर्धा संपलेला असायचा. दांड्याला धरून उभे राहायचे आणि आधी विचारायचे, "कुठवर आलं रं, मास्तर?" मग मास्तर त्यांच्यासाठी मागचं थोडक्यात पुन्हा सांगायचा. आम्ही कुरकुर करायचो, पण तो सांगायचाच.

एका कादंबरीत एक धाकटा भाऊ होता. थोरल्याची कडब्याची गंजी त्याने पेटवून दिली, भर उन्हाळ्यात, दावणीला जनावरं असताना. बसने त्याला एकमुखाने फाशी दिली. माझा आवाज सगळ्यात मोठा होता. मास्तरने त्या भावाची बाजू घेतली आणि आठवडाभर सोडली नाही. बाप वाटणी न करता कसा मेला, धाकट्याला वीस वर्षं थोरल्याच्या ताटातलं उरलेलं कसं मिळालं, बायकोने माहेरी जाताना काय शब्द टाकला. हे सगळं पुस्तकात होतं की मास्तरने पदरचं घातलं, देव जाणे. पण शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "त्यानं गंजी जाळली नाही. बापानं न बोललेलं एक वाक्य जाळलं." मी पदराच्या टोकाने डोळे टिपले, खोटं कशाला बोलू.

आबाजी दांड्याला धरूनच म्हणाले, "त्या बापड्याला असा वकील मिळाया पायजे व्हता." त्या दिवशी हे वाक्य सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

दिवाळीच्या आधी प्रेस शॉपला नवीन सुपरवायझर आला, प्रज्वल नावाचा. कॉलेजातून नुकताच निघालेला, घाईचा. आबाजींचा हात सावकाश चालतो, हे त्याला खटकायचं. एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुम्हाला हे झेपत नाही. स्क्रॅप गोळा करा." आणि पत्र्याचे तुकडे उचलायच्या गाड्यावर पाठवलं. आबाजी गाडा ढकलत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच दाबाला डाय तडकली. उघडून बघितलं तर आत एक मोठा नट.

नट तिथे कसा गेला ते कुणी पाहिलं नव्हतं. कॅमेरा त्या कोपऱ्यात पोचत नव्हता. कुणी विसरलेला असू शकतो, वरून निखळलेला असू शकतो. पण कंपनीला विसरलेला नट परवडत नाही, तिला माणूस लागतो. आदल्या दिवशी कुणाचा अपमान झाला होता, एवढं शोधलं की माणूस सापडतो. आबाजींना चार्जशीट मिळाली. जाणूनबुजून यंत्रसामग्रीचं नुकसान केलं, असा आरोप. तेव्हापासून ते सस्पेंड.

अशा वेळी कंपनीत इन्क्वायरी बसते. बाहेरून एक वकील अधिकारी म्हणून येतात, एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला कामगार. कामगाराला आपल्यातलाच एक जण बाजू मांडायला सोबत घेता येतो. हे काम बहुतेक युनियनचा ज्ञानेश करतो. ज्ञानेशची पद्धत एकच. तो टेबलावर हात ठेवून बसतो आणि प्रत्येक प्रश्नाला म्हणतो, मान्य नाही, सिद्ध करा. दिसायला मठ्ठ, पण त्याने बरीच माणसं वाचवली आहेत.

आबाजींना तो नको होता. ते मला टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "मान्य न्हाई, मान्य न्हाई, असं त्यो दगडावानी म्हणणार. त्यानं माझं काय कळणार त्यास्नी? जन्मात एकदा कुणीतरी माझं इचाराया बसणार हाय. मास्तर पायजे मला."

आणि अख्खी बस मास्तरच्या मागे लागली. तुमच्याशिवाय कुणाला जमणार, तुम्ही त्या गंजीवाल्याला सोडवलंत, आबाजी तर घरचा माणूस. मीही म्हणाले. ज्ञानेशने मास्तरला स्टोअरमध्ये गाठून एवढंच बजावलं, "भावा, तिथं जास्त बोलायचं नाही." मास्तर हसून म्हणाला, "तू काळजी करू नकोस. मी त्यांना आबाजी दाखवतो." ज्ञानेशने कपाळाला हात लावला, पण निवड आबाजींची होती.

मास्तरने तयारी मात्र जीव तोडून केली. आबाजींच्या गावातल्या म्हाताऱ्यांना भेटला. त्यांचे वडील गेनबा, ज्यांना ते आबा म्हणायचे, कसे होते ते विचारलं. रानात विहीर कुठे होती, ती कुणी खणली, तिला पाणी किती हातांवर लागलं, सगळं गोळा केलं. सगुणाबाईंना, म्हणजे आबाजींच्या बायकोला, विचारलं. पोरीला विचारलं. जुना नकाशा मिळवून आजच्या प्रेस शॉपवर ठेवून बघितला. बसमध्ये त्या दिवसांत कादंबरी बंद होती, आबाजींचीच गोष्ट चालू होती, आणि आम्ही ती रोज ऐकत होतो. एवढ्या सगळ्यांत एकालाही एक साधी गोष्ट सुचली नाही. पण ते पुढे.

इन्क्वायरीत जे बोललं जातं ते जागच्या जागी टाइप करावं लागतं. ते काम माझ्याकडे असतं. मराठीत बोललेलं मराठीत, शब्दाला शब्द. मग ते वाचून दाखवायचं आणि प्रत्येक पानावर सह्या घ्यायच्या. मी तिथे असते ती हातांपुरती. तोंड उघडायचं नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं. माझ्यासारखीला ते किती जड जात असेल ते समजून घ्या.

त्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये एसी जोरात होता. आबाजी स्वच्छ टोपी घालून आले होते, खुर्चीच्या टोकावर बसलेले. आधी प्रज्वलची साक्ष झाली. नट आबाजींनी टाकला हे तुम्ही पाहिलं का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. तो म्हणाला, पाहिलं नाही, संशय आहे. मी ते टाइप केलं आणि मला मनातून बरं वाटलं. पाहिलं नाही. आता ज्ञानेश असता तर टेबलावर हात ठेवून एवढंच म्हणाला असता, संशय मान्य नाही. आणि गप्प बसला असता.

मास्तर उभा राहिला. उभं राहायची तिथे पद्धत नाही. तरी राहिला.

"साहेब, प्रेस ज्या जागेवर आहे ना, त्याच्या खाली एक विहीर आहे," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. गेनबांनी ती विहीर दुष्काळात कशी खणली, सुरुंगाने एक बोट गेलं तरी कसं थांबले नाहीत. पाणी लागलं तेव्हा लहान आबाजीला दोरीने आत सोडून पहिली घागर कशी भरून घेतली. कंपनी आली तेव्हा मुरमाने ती विहीर बुजवताना गेनबा बांधावर बसून होते, आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आबाजी इतकी वर्षं रोज त्या विहिरीच्या डोक्यावर उभं राहून डाय बसवत होते. कुणाला सांगितलं नाही. आणि एके दिवशी एक पोरगा येऊन सगळ्यांसमोर सांगतो की या जागेवर तुम्ही उभे राहू नका, कचरा उचला.

मी टाइप करत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. आबाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते. एचआरचे साहेब खाली बघत होते. अधिकाऱ्यांनी पेन ठेवून दिलं होतं.

"माणूस डाय फोडत नसतो साहेब," मास्तर म्हणाला. "तो बापाच्या विहिरीवरचं झाकण फोडत असतो."

अधिकारी हळूच म्हणाले, "म्हणजे नट त्यांनीच टाकला, असं तुमचं म्हणणं आहे?"

माझे हात थांबले. मास्तरकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता, बसमध्ये बघायचा तसाच. मला वाटलं, आता तरी याच्या लक्षात येईल. लक्षात ये रे बाबा, म्हणून मी मनात किंचाळत होते.

"टाकला," मास्तर म्हणाला. "काय केलं ते नका बघू साहेब. का केलं ते बघा."

मी सगळे नियम गुंडाळून ठेवले आणि विचारलं, "सर, हे असंच लिहू का? त्यांना तसं म्हणायचं नसेल."

"त्यांचेच शब्द आहेत. लिहा," अधिकारी म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग आबाजींकडे वळले. "आबाजी, तुमचे प्रतिनिधी जे बोलले ते तुम्हाला मान्य आहे?"

आबाजींना हुंदका आवरत नव्हता. त्यांनी मान हलवली. "व्हय साहेब. समदं खरं हाय."

मी ते टाइप केलं. वाचून दाखवलं, मुद्दाम सावकाश, 'टाकला' या एका शब्दावर थांबत. आबाजी ऐकत होते की नाही देव जाणे. त्यांचं लक्ष मास्तरकडे होतं. एखाद्याने आपलं हरवलेलं काहीतरी आणून दिल्यावर बघावं तसं ते त्याच्याकडे बघत होते. सही त्यांनी सगळ्या पानांवर केली.

संध्याकाळी बसमध्ये मास्तर फुललेला होता. साहेब गहिवरले, म्हणाला. पेन खाली ठेवलं त्यांनी, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तू काय बोलून बसलास ते तुला कळतंय का. तो माझी समजूत घालायला लागला. "वर्षाताई, माणूस समजला की माणूस शिक्षा देत नाही. आपली बस बघा ना." आता या उंटावरच्या शहाण्याला काय सांगायचं! आपली बस म्हणजे जग, असं त्याने धरूनच टाकलं होतं. मी खिडकीला डोकं टेकून बसले.

पत्र आलं ते माझ्याच टेबलावर. ते देऊन पोच घ्यायचं कामही माझंच. आबाजी गेटवरून आत आले, आणि मास्तरही स्टोअर सोडून पळत आला, कारण त्याला खात्री होती. आबाजी म्हणाले, "वाच ताई, मला बारीक दिसत न्हाई." मी वाचलं. आरोप कामगाराने स्वतः मान्य केल्यामुळे सेवेतून कमी करण्यात येत आहे. कंपनीने त्यांच्या भावना समजून घेतल्या आहेत, असंही एक वाक्य होतं. ते वाक्य वाचताना मला किळस आली.

"कसला आरोप मान्य?" आबाजी म्हणाले.

"नट टाकल्याचा."

"पर नट मी टाकला न्हाई."

मला वाटलं, घाबरून बोलत असतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शाळेतल्या पोराला चुकून दुसऱ्याची पट्टी बसावी तसा गोंधळ होता, निव्वळ गोंधळ.

"त्या दिशी मी पेरेस शॉपला गेलोबी न्हाई. गाडा ढकलत व्हतो मागच्या शेडात. टाकला न्हाई मी."

मास्तर पांढराफटक पडला. "आबाजी... मला वाटलं..."

"तू इचारलं न्हाईस ना," आबाजी म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आबाचं इचारलंस, हिरीचं इचारलंस, माझ्या पोरीला इचारलंस. नट टाकला का, येवढं मला न्हाई इचारलंस."

हीच ती गोष्ट जी कुणाला सुचली नव्हती. मास्तरला नाही, बसला नाही. मला तरी कुठे सुचली होती? आम्ही सगळे ते धरूनच चाललो होतो. विहिरीची गोष्ट इतकी बरोबर जमली होती की तिला शेवटी नट लागतच होता.

"मग तेव्हा मान का हलवलीत तुम्ही?" मी चिडून विचारलं. चीड त्यांच्यावर नव्हती, पण दुसऱ्या कुणावर काढायची ते कळत नव्हतं.

"समदं खरंच बोलत व्हता त्यो," ते म्हणाले. "आबाचं बोट खरं. घागर खरी. मी रडत व्हतो ताई. त्यातलं येक खोटं कुठं आलं ते मला न्हाई घावलं."

पुढे आम्ही करायचं ते सगळं केलं. मास्तरने अर्ज लिहून दिला की मी बोललो ती माझी कल्पना होती, आबाजींची कबुली नव्हती. एचआरच्या साहेबांनी तो वाचून विचारलं, "विहीरपण कल्पना होती का?" मास्तर म्हणाला, विहीर खरी. "बोट?" खरं. "अपमान?" खरा. साहेब म्हणाले, "मग नटापुरतीच कल्पना होती तर." मी अधिकाऱ्यांना फोन केला, त्यांनी सौजन्याने सांगितलं की त्यांचं काम संपलं. ज्ञानेश शिव्या घालत घालत लेबर कोर्टात गेला. तिथल्या वकिलाने कागद चाळले आणि म्हणाला, कबुली आहे, सही आहे, केस चालवू, पण वर्षं जातील. तारीख पडते, पुढची तारीख पडते. आबाजींचं निवृत्तीचं वय त्याआधी येईल, असं ज्ञानेशच मला खालच्या आवाजात म्हणाला.

बसमध्ये आता गोष्ट नसते. मोशीला गाडी रुतली की माणसं मोबाइल काढतात. सुरुवातीला एक-दोघांनी मास्तरला आग्रह केला. त्याने मान हलवून नाही म्हटलं. कुरुळी फाट्यावर बस सवयीने हळू होते, मग ड्रायव्हरच्या लक्षात येतं आणि तो वेग घेतो. मास्तर त्या वेळी डोळे मिटून घेतो, ते मला माझ्या सीटवरून दिसतं.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. दर गुरुवारी मास्तर आबाजींकडे जातो. काय करायला जातो ते त्यालाही सांगता येत नाही. परवाच्या गुरुवारी मीही गेले. घरापुढे ट्रकची रांग लागलेली असते, धुळीने तुळससुद्धा पिवळी पडली आहे. सगुणाबाईंनी चहा ठेवला. त्या मास्तरशी वाईट बोलत नाहीत. मला वाटतं त्या बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"गावात यांचं लई नाव झालंय," सगुणाबाई मला म्हणाल्या. "देवळात बसलं की पोरं येत्यात. म्हणत्यात, कंपनीला दावलं बगा काकांनी. बापाचं पांग फेडलं. हे सांगत्यात, मी न्हाई केलं. पोरं डोळं मिचकावत्यात."

पोरगी संस्कृती दारात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं गं? ती बापाकडे बघून म्हणाली, "पप्पांनी केलं असलं तरी मला राग नाही." आबाजींनी ते ऐकलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एवढं मोठं मन पोरीचं, आणि बापाला त्याचा काही उपयोग नव्हता. त्याला कुणी क्षमा करायला नको होती. त्याने केलं नाही, एवढं कुणीतरी मानायला हवं होतं.

चहा पिऊन झाल्यावर आबाजींनी कप खाली ठेवला. मग मास्तरला म्हणाले, "मास्तर, येक इचारू? तुला माणसाचं कळतं म्हणून इचारतो."

"आबाजी, मला काही कळत नाही," मास्तर म्हणाला.

"ऐक की. आडवं पडलं ना, की तू सांगितलेलं समदं डोळ्यांम्होरं येतं. हीर येती, आबा येतो. त्यो पोरगा झाडून काढल्यावानी बोललेला येतो. आन् मंग मी पेरेसपाशी गेलेलो दिसतो. हातात नट दिसतो, थंडगार. इतकं बराबर दिसतं की कधीकधी मला वाटतं, टाकला असंल मी." ते त्याच्याकडे वळले. "टाकला व्हता का रं मी?"

मास्तरने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "नाही आबाजी. तुम्ही नाही टाकला. तुम्ही मागच्या शेडात होता."

"व्हय?"

"व्हय. नाही टाकला."

आबाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बसमध्ये चढल्यावर दांड्याला धरून बघायचे, तसेच. "मंग का न्हाई टाकला, ते सांग की," ते म्हणाले. "त्या येळी सांगितलंस तसं. नीट सांग. म्हणजे मलाबी पटंल."

मास्तरने तोंड उघडलं. मी वाट बघत होते, सगुणाबाई वाट बघत होत्या, पोरीने पुस्तकातून डोकं वर काढलं. ज्याने बसमध्ये कादंबरीतल्या प्रत्येक चोराला, प्रत्येक आग लावणाऱ्याला कारण मिळवून दिलं, त्याच्याकडे काहीच न केलेल्या माणसासाठी एक वाक्य नव्हतं. तो नुसता हात धरून बसला. सगुणाबाई उठल्या आणि कप गोळा करून आत घेऊन गेल्या.